जुन्या फोर्ड गाडीचे साल कसे ठरवावे

जुनी अमेरिकन फोर्ड तपासायला घेतली की बहुधा असे होते: कागदपत्रांवर एक साल असते, मालक दुसरे सांगतो आणि बॉनेट उघडल्यावर इंजिन तिसरेच काही सुचवते. यात कोणी खोटे बोलत असतेच असे नाही. ‘गाडीचे साल’ या दोन शब्दांत तीन वेगळ्या गोष्टी मिसळलेल्या असतात: इंजिन तयार झाले तो दिवस, गाडी जुळवून कारखान्याबाहेर पडली तो दिवस आणि कंपनीने ती ज्या वर्षाचे मॉडेल म्हणून विकली ते वर्ष. म्हणून तपासणीपूर्वीच कोऱ्या कागदावर हे तीन रकाने आखावेत आणि सापडलेली प्रत्येक खूण त्यांपैकी नेमक्या कोणत्या रकान्याविषयी बोलते, हे ठरवूनच ती लिहावी.

साधने फारशी लागत नाहीत. हातातली बॅटरी (टॉर्च), लहान आरसा, मऊ ब्रश, थोडे रॉकेल, खडू आणि कॅमेरा एवढे पुरते. ठोकलेले क्रमांक उथळ असतात, त्यामुळे ते वाचण्यासाठी पॉलिश पेपर किंवा ग्राइंडर कधीही वापरू नये. शंभर वर्षे टिकलेला पुरावा दोन मिनिटांत जातो, आणि घासलेली जागा पुढच्या तपासणाऱ्याच्या मनात संशय निर्माण करते ती वेगळीच. रॉकेलने मळ काढून त्यावर खडू आडवा फिरवला की अंक पांढऱ्या पार्श्वभूमीवर उठून दिसतात. ते वाचून होताच छायाचित्र घ्यावे.

प्रथम काळ ठरवावा

फोर्ड मोटर कंपनी १६ जून १९०३ रोजी मिशिगन राज्यात स्थापन झाली. हेन्री फोर्ड यांनी पहिल्या पाच वर्षांत ए, बी, सी, एफ, के, एन, आर आणि एस अशा अक्षरांच्या गाड्या काढल्या, पण त्या आज क्वचितच समोर येतात. तपासणीला येणारी गाडी बहुधा चारपैकी एका काळातली असते: १९०८ ते १९२७ ची मॉडेल टी, १९२७ च्या अखेरीपासून १९३१ पर्यंतची मॉडेल ए, १९३२ पासूनच्या फ्लॅटहेड व्ही-८ (इंग्रजी व्हीच्या आकारात आठ सिलिंडर, वर सपाट झाकण) इंजिनाच्या गाड्या आणि युद्धोत्तर काळातल्या, दरवर्षी चेहरा बदलणाऱ्या गाड्या. ‘मॉडेल ए’ हे नाव कंपनीने दोनदा वापरले, १९०३ मध्ये आणि पुन्हा १९२७ मध्ये. नुसत्या नावावर विसंबू नये ते यासाठीच.

टी आणि ए यांत गोंधळ असेल, तर चालकाच्या पायाकडे पाहावे. मॉडेल टीचे तीन पेडल आजच्या गाडीसारखे नाहीत. डावा पेडल सावकाश आणि वेगवान गिअर बदलतो, मधला गाडी मागे नेतो आणि उजवा ब्रेकचा असतो. वेग वाढवण्याची दांडी स्टिअरिंगच्या चाकाखाली असते. मॉडेल एमध्ये क्लच, ब्रेक आणि ॲक्सिलरेटर नेहमीच्या जागी आले, तर गिअर बदलण्यासाठी जमिनीतून वर येणारी दांडी आली.

मॉडेल टी: सर्वांत अवघड, म्हणून सर्वांत सावकाश

मॉडेल टी ऑक्टोबर १९०८ मध्ये बाजारात आली आणि मे १९२७ पर्यंत दीड कोटीहून अधिक बनली. एवढ्या काळात तिचे मूळ यंत्र जवळजवळ तसेच राहिले: १७७ घन इंचांचे, २० अश्वशक्तीचे चार सिलिंडरचे इंजिन, चारही सिलिंडर एकाच ओतकामात आणि वरचे हेड (सिलिंडरांचे झाकण) वेगळे निघणारे, तसेच १०० इंचांचा व्हीलबेस (पुढच्या आणि मागच्या चाकांमधले अंतर). कंपनीला दरवर्षी नवी गाडी दाखवायची नव्हती. तीच गाडी अधिक स्वस्तात बनवायची होती. १९०८ मध्ये टूरिंग (उघड्या, दोन ओळींच्या आसनांच्या) गाडीची किंमत ८५० डॉलर होती, तर १९२५ मध्ये सर्वांत साधी दोन आसनी रनअबाउट २६० डॉलरला मिळत होती. साल ठरवणाऱ्याच्या दृष्टीने याचा अर्थ असा की बदल जानेवारीच्या एक तारखेला झाले नाहीत. जुना माल संपेल तसे, एकेका कारखान्यात वेगवेगळ्या आठवड्यात ते होत गेले.

सुरुवात इंजिन क्रमांकापासून करावी. बहुतेक टी इंजिनांवर तो ब्लॉकच्या डाव्या बाजूला, पाणी आत शिरते त्या तोंडाच्या वरच्या सपाट उंचवट्यावर ठोकलेला असतो. अगदी सुरुवातीच्या इंजिनांवर जागा वेगळी आहे, म्हणून तिथे अंक दिसले नाहीत तर ‘क्रमांक नाही’ असे घाईने लिहू नये. क्रमांक मिळाला की तो या मैलाच्या दगडांशी ताडून पाहावा: दहा लाखावा क्रमांक १९१५ च्या डिसेंबरात पडला, पन्नास लाखावा १९२१ च्या मे महिन्यात, एक कोटीवा ४ जून १९२४ रोजी आणि दीड कोटीवा २६ मे १९२७ रोजी. पहिले दहा लाख व्हायला सात वर्षे लागली, तर नंतर तेवढ्या गाड्या वर्षभरात होऊ लागल्या. वाढीचे कारण हायलंड पार्कच्या कारखान्यात आहे. तिथे १९१३ मध्ये सरकती जुळणी सुरू झाली आणि एक चॅसिस (गाडीचा खालचा सांगाडा) जुळवायला लागणारा सुमारे साडेबारा तासांचा वेळ १९१४ पर्यंत ९३ मिनिटांवर आला. म्हणून सुरुवातीच्या क्रमांकांत काही हजारांचा फरक महिन्यांचा असतो, तर नंतरच्या क्रमांकांत तेवढाच फरक एखाद्या दिवसाचा असू शकतो.

क्रमांकाच्या आधी ‘सी’ हे अक्षर असेल तर इंजिन कॅनडाच्या फोर्ड कंपनीचे आहे. तिथली मोजणी वेगळी असल्याने वरचे टप्पे त्याला लागू पडत नाहीत. टूरिंग गाडीची डावी पुढची बाजू पाहिल्यास याला आणखी पुष्टी मिळते. अमेरिकेत बनलेल्या टूरिंग गाडीला १९१२ च्या सुमारापासून १९२५ पर्यंत चालकाच्या बाजूला खरे दार नसे. पत्र्यावर दाराचा केवळ आकार उठवलेला असे आणि चालकाला उजवीकडून चढावे लागे. कॅनडातल्या गाड्यांना मात्र तिथे उघडणारे दार होते.

हा क्रमांक इंजिनाचा आहे, हे क्षणभरही विसरू नये. कंपनी गाडीची ओळख म्हणून तोच धरत असे आणि शेवटची दीड-दोन वर्षे सोडली तर चॅसिसवर क्रमांक ठोकलाच जात नसे. इंजिने तयार होऊन अमेरिकेभरच्या जुळणी केंद्रांकडे रेल्वेने जात, त्यामुळे गाडी इंजिनानंतर काही आठवड्यांनी उभी राहिलेली असू शकते. शिवाय बदली ब्लॉक क्रमांकाविना पुरवले जात आणि विक्रेत्याने त्यावर जुना क्रमांक ठोकावा अशी अपेक्षा असे. म्हणजे १९१६ चा क्रमांक असलेला ब्लॉक प्रत्यक्षात कितीतरी नंतरचा असू शकतो. ओतकामाची तारीख ब्लॉकवर उठवलेली असेल, तर ती महिना, दिवस, वर्ष या अमेरिकन क्रमाने वाचावी आणि ठोकलेल्या क्रमांकाशी जुळते का ते पाहावे. ओतकाम क्रमांकाच्या नंतरचे असेल, तर प्रश्न तिथेच मिटला.

यानंतर बाहेरून पाहावे. पितळी रेडिएटर, चालकासमोर सपाट लाकडी फळी आणि कार्बाइडचे हेडलाइट हा संच १९१४ पर्यंतचा. १९१५ मध्ये त्या फळीच्या जागी वळणदार पत्रा आला आणि हेडलाइट विजेचे झाले, पण रेडिएटर पितळीच राहिला. ती वीज फ्लायव्हीलमधल्या मॅग्नेटोतून (चुंबकांवर चालणाऱ्या जनित्रातून) येई, त्यामुळे इंजिन मंदावले की उजेडही मंदावे. ऑगस्ट १९१६ मध्ये, म्हणजे १९१७ च्या मॉडेलसाठी, पितळ गेले आणि काळे कवच असलेला उंच रेडिएटर व वळणदार मडगार्ड आले. सेल्फ स्टार्टर १९१९ पासून मिळू लागला, सर्वांत आधी बंद गाड्यांत. ऑगस्ट १९२५ मध्ये, १९२६ चे मॉडेल म्हणून, शेवटचा मोठा बदल झाला. गाडी सुमारे दीड इंच खाली आली, चालकाला दार मिळाले आणि बहुतेक प्रकारांत पेट्रोलची टाकी आसनाखालून पुढच्या काचेखाली गेली. जुन्या टाकीतून पेट्रोल केवळ उतारावर वाहत कार्बुरेटरकडे येई, म्हणून टाकीत पेट्रोल कमी असताना उभा चढ आला की चालक गाडी वळवून उलटी चढवत. टाकी कुठे आहे हे पाहण्याचे महत्त्व यावरून कळते, कारण ती कोणी हौसेने हलवत नाही.

रंगावर मात्र भर देऊ नये. मॉडेल टी काळीच असे, ही समजूत १९१४ ते १९२५ या काळापुरती खरी आहे. सुरुवातीच्या गाड्या लाल, करड्या, हिरव्या आणि निळ्या होत्या, आणि शेवटच्या दोन वर्षांत रंग पुन्हा आले. पण मूळचा रंग आज शिल्लक असणे दुर्मिळ असल्याने दिसणारा रंग पुराव्यात धरण्याच्या लायकीचा नसतो. पितळी रेडिएटरही तसाच संशयास्पद आहे. जुनी गाडी अधिक जुनी दिसावी म्हणून सर्वांत आधी बदलला जातो तोच.

मॉडेल ए: क्रमांक आणि चाके

मॉडेल ए डिसेंबर १९२७ मध्ये लोकांसमोर आली. इंजिन २०० घन इंचांचे, ४० अश्वशक्तीचे, म्हणजे टीच्या दुप्पट ताकदीचे, आणि पुढची काच फुटल्यावर तिचे तुकडे न उडणारी होती. सुमारे ४८ लाख गाड्या बनल्या. हिचा क्रमांक ‘ए’ अक्षराने सुरू होतो, दोन्ही टोकांना चांदणीचे चिन्ह असते आणि तो ब्लॉकच्या डाव्या बाजूला सापडतो. १९२८ संपताना मोजणी आठ लाखांच्या आसपास, १९२९ संपताना सत्तावीस लाखांच्या आसपास आणि १९३० संपताना बेचाळीस लाखांच्या आसपास होती.

क्रमांक खरा आहे का हे पडताळण्याची सोय या गाडीत आहे, आणि टीच्या तुलनेत हा मोठा दिलासा आहे: तोच क्रमांक चॅसिसच्या डाव्या पट्टीवर वरच्या बाजूने ठोकलेला असतो. मात्र तो बॉडीखाली झाकलेला असल्याने दुरुस्तीसाठी बॉडी उचलली जाईल त्याच दिवशी पाहता येतो. ती संधी आली तर सोडू नये. तोवर चाके पाहावीत. १९२८-२९ च्या गाड्यांची चाके २१ इंचांची, तर १९३०-३१ ची १९ इंचांची असतात. रेडिएटरचे कवच आधीच्या जोडीत निकेलचा मुलामा दिलेले, तर नंतरच्या जोडीत न गंजणाऱ्या पोलादाचे आणि उंच असते. १९३१ च्या कवचात रंग दिलेली खोलगट जागा दिसते.

फ्लॅटहेड व्ही-८: ‘१८’ या अंकाचा सापळा

३१ मार्च १९३२ रोजी फोर्डने स्वस्त गाडीत व्ही-८ इंजिन दिले. आठही सिलिंडरांचा ब्लॉक एकाच ओतकामात होता, आकार २२१ घन इंच आणि ताकद ६५ अश्वशक्ती. ही गाडी म्हणजे मॉडेल १८, आणि तिचे क्रमांक ‘१८’ ने सुरू होतात. इथेच बरेच जण फसतात, कारण १९३३ ते १९३६ च्या व्ही-८ गाड्यांचे क्रमांकही त्याच ‘१८’ ने सुरू होऊन पुढे सलग चालू राहिले. ‘१८’ दिसले म्हणून गाडी १९३२ ची ठरत नाही. पुढचे आकडे पाहावे लागतात: दोन लाखांच्या थोडे पुढपर्यंत १९३२, त्यानंतर पुढची वर्षे.

आणखी एक गोष्ट इथे उलटी आहे. क्रमांक इंजिनाच्या ब्लॉकवर नसून गिअरबॉक्सच्या पुढच्या आवरणावर आणि चॅसिसवर ठोकलेला असतो. गिअरबॉक्स सहज बदलला जातो, म्हणून चॅसिसचा शब्द शेवटचा मानावा. ब्लॉकचे वय आकारावरून काढावे लागते. पाण्याचे पंप हेडवर असतील तर इंजिन १९३६ पर्यंतचे, ब्लॉकवर असतील तर १९३७ पासूनचे. हेडचे स्टड मोजावेत. एकवीस असतील तर जुनी रचना, चोवीस असतील तर १९३८ मध्ये सुरू झालेली. गिअरबॉक्स जोडण्याची अर्धगोल घंटी ब्लॉकबरोबरच ओतलेली असेल, तर इंजिन १९४८ च्या गाड्यांपर्यंतचे असते. ती सुटी असेल तर ते १९४९ ते १९५३ मधले, ज्याला जाणकार ‘एट बीए’ म्हणतात.

बाहेरून १९३३ आणि १९३४ ओळखण्यासाठी बॉनेटच्या बाजूच्या फटी पुरतात. १९३३ मध्ये त्या वाकलेल्या आणि १९३४ मध्ये सरळ आहेत. हायड्रॉलिक ब्रेक १९३९ मध्ये आले. फेब्रुवारी १९४२ ते जुलै १९४५ या काळात अमेरिकेत सर्वसामान्यांसाठी गाड्या बनल्याच नाहीत, त्यामुळे कोणी ‘१९४४ ची फोर्ड कार’ दाखवली, तर ती सैन्यासाठीची असावी किंवा नोंद चुकलेली असावी. १९४९ चे मॉडेल जून १९४८ मध्येच दाखवले गेले. पुढच्या तोंडावरच्या जाळीच्या मध्यभागी एकच गोल नाक असेल तर १९४९ किंवा १९५०, दोन असतील तर १९५१.

मस्टँग आणि सुट्या भागांची भाषा

१९६० च्या दशकापासून गाडीच स्वतःविषयी बोलू लागते. मस्टँग १७ एप्रिल १९६४ रोजी न्यूयॉर्कच्या जागतिक मेळ्यात आली, सुरुवातीची किंमत २,३६८ डॉलर. तिचा क्रमांक असा वाचावा: ‘५ एफ ०८ एफ १००००१’. पहिला ५ म्हणजे १९६५ चे मॉडेल. पुढचा एफ म्हणजे डिअरबॉर्नचा कारखाना, तिथे आर असेल तर सॅन होजे आणि टी असेल तर मेटचेन. ०८ म्हणजे उघड्या टपाची गाडी, ०७ म्हणजे हार्डटॉप (पक्क्या टपाची) आणि ०९ म्हणजे फास्टबॅक (मागे उतरत जाणाऱ्या टपाची). दुसरा एफ म्हणजे २६० घन इंचांचे व्ही-८ इंजिन. उरलेला भाग अनुक्रमांक, आणि तो १००००१ पासून सुरू होतो. नेमकी याच क्रमांकाची गाडी चुकून न्यूफाउंडलंडमधल्या एका ग्राहकाला विकली गेली होती. कंपनीने पुढे दहा लाखांचा टप्पा गाठणाऱ्या मस्टँगच्या बदल्यात ती परत मिळवली आणि आता ती डिअरबॉर्नच्या हेन्री फोर्ड संग्रहालयात आहे.

लोक ‘साडेचौसष्टची मस्टँग’ म्हणतात, पण तसे मॉडेल अधिकृतपणे नव्हते. एप्रिलपासून विकलेल्या सर्व गाड्यांच्या क्रमांकात पहिला अंक ५ च असतो. त्या सुरुवातीच्या गाड्या ओळखायच्या तर इंजिनाचे अक्षर पाहावे. यू म्हणजे १७० घन इंचांचे सहा सिलिंडर आणि एफ म्हणजे २६० चे व्ही-८, ही दोन्ही इंजिने १९६४ च्या उन्हाळ्यानंतर मस्टँगमधून गेली. त्याच गाड्यांना अल्टरनेटरऐवजी जनरेटर असतो. १९६५ आणि १९६६ यांतला फरक जाळीत आहे. १९६५ मध्ये घोड्याच्या चिन्हाच्या दोन्ही बाजूंना पट्ट्या असतात, तर १९६६ च्या साध्या गाडीत घोडा एकटाच तरंगतो.

आता प्रत्येक ओतीव भागावरची अक्षरे वाचावीत, कारण खरा निकाल तिथे लागतो. ‘सी ५ झेड ई’ अशा खुणेत पहिले अक्षर दशक सांगते: सी म्हणजे १९६० चे, डी म्हणजे १९७० चे, ई म्हणजे १९८० चे. अंक त्या दशकातले वर्ष. तिसरे अक्षर तो भाग मूळ कोणत्या गाडीसाठी आखला ते सांगते: झेड मस्टँग, ए मोठी फोर्ड, एस थंडरबर्ड, टी ट्रक. चौथे अक्षर ई असेल तर भाग इंजिन विभागाचा. ही खूण भाग आखला त्या वर्षाची आहे, बनला त्या वर्षाची नाही, आणि तोच भाग पुढेही वापरला जाऊ शकतो. बनण्याची तारीख वेगळी असते: ‘५ सी १२’ म्हणजे १९६५ च्या मार्च महिन्याची १२ तारीख. महिन्यांची अक्षरे ए पासून सुरू होतात आणि आय वगळलेले असते, म्हणून डिसेंबर एम ठरतो.

या तारखेची तुलना चालकाच्या दाराच्या पाटीशी करावी. पाटीवर ‘१६ ई’ असेल तर गाडी १६ मे रोजी जुळवण्याचे ठरले होते. ब्लॉक त्याच्या काही दिवस ते काही आठवडे आधी ओतलेला असावा. एखादा दिवस जरी नंतरचा निघाला, तरी ते इंजिन त्या गाडीतले मूळचे नाही. दाराची पाटी नवी बनवून मिळते, पण पुढच्या चाकावरच्या आतल्या पत्र्यावर ठोकलेला क्रमांक बनवून लावणे कठीण असते. दोन्ही जुळले तरच पाटीवर विश्वास ठेवावा. १९६७ पासूनच्या गाड्यांसाठी कंपनीच्या मूळ नोंदींवरून मार्टी अहवाल मागवता येतो आणि त्यात जुळणीच्या तारखेसह रंग व इंजिन यांचे तपशील मिळतात. मॉडेल टीच्या इंजिनांच्या जुन्या नोंदी डिअरबॉर्नच्या बेन्सन फोर्ड संशोधन केंद्रात आहेत.

१९८१ नंतर

१९८१ च्या मॉडेलपासून अमेरिकेत सर्व गाड्यांना सतरा अक्षरांचा क्रमांक सक्तीचा झाला. त्यात आय, ओ आणि क्यू ही अक्षरे कधीच नसतात. दिसली तर वाचनात चूक आहे किंवा क्रमांक बनावट आहे. दहावे अक्षर मॉडेलचे वर्ष सांगते: बी १९८१, सी १९८२, असे करत वाय २०००, मग १ ते ९ हे अंक २००१ ते २००९ साठी आणि ए पुन्हा २०१० साठी. एकच अक्षर तीस वर्षांनी परत येत असल्याने सातवे स्थान पाहावे. तिथे अंक असेल तर कार आधीच्या फेरीतली, अक्षर असेल तर २०१० पासूनची. अकरावे स्थान कारखान्याचे. मस्टँगच्या बाबतीत ते डिअरबॉर्नचे एफ असेल तर मॉडेल २००४ पर्यंतचे, आणि फ्लॅट रॉकचे ५ असेल तर २००५ पासूनचे. फ्लॅट रॉकच्या काही वर्षांच्या मस्टँगचा क्रमांक ‘१ झेड व्ही’ ने सुरू होतो. त्यात गैर काही नाही, कारण तो कारखाना तेव्हा माझदाबरोबर भागीदारीत होता.

खुणा एकमेकींशी जुळल्या नाहीत तर

समजा, एका मॉडेल टीला पितळी रेडिएटर आणि लाकडी फळी आहे, इंजिन क्रमांक पन्नास लाखांच्या आसपास आहे आणि ओतकामाची तारीखही १९२१ ची आहे. येथे क्रमांक आणि ओतकाम एकमेकांना दुजोरा देतात, म्हणून इंजिन १९२१ चे हे पक्के. बॉडीची धाटणी १९१४ पर्यंतची, पण मॉडेल टीच्या चॅसिसवर त्या काळात क्रमांकच नसल्याने बॉडी आणि चॅसिस एकत्र जन्मले का, हे कागदावर सिद्ध करता येत नाही. अशा वेळी सरासरी काढून ‘१९१७’ लिहिणे ही सर्वांत वाईट चूक होय. ‘बॉडी १९१४ पर्यंतच्या धाटणीची, इंजिन मे १९२१ च्या सुमाराचे, जुळणीची तारीख अनिश्चित’ असेच तीन रकान्यांत तीन वाक्यांत लिहावे आणि त्याखाली प्रत्येक क्रमांकाचे छायाचित्र जोडावे.